नाडी, शुगरचा आकडा आणि कंपन्यांचं कारस्थान: एका फॉरवर्डला फिजिशियनचं उत्तर

‘एका नामांकित डॉक्टरांनी निवृत्तीनंतर फोडलेलं गुपित’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यात फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर, तळजाईला सकाळी चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि तिथून प्रिंटआउट होऊन माझ्या टेबलावर. गुपित थोडक्यात असं: पूर्वीचे डॉक्टर नाडी धरून रोग सांगायचे, आताच्यांना टेस्टशिवाय काही कळत नाही आणि टेस्ट कमिशनसाठीच असतात. शुगर आणि बीपीचे ‘नॉर्मल’ आकडे औषध कंपन्यांनी खाली आणले, म्हणून घरोघरी पेशंट झाले. कोलेस्टेरॉल हे थोतांड असल्याचं अमेरिकेने २०१५ सालीच कबूल केलंय. बीपी-शुगरच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत आणि शेवटी त्यांच्यानेच किडनी जाते. तेव्हा गोळ्या बंद करा, काही वाटलं तर मोबाईलमधल्या एआयला विचारा आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

नामांकित डॉक्टरांचं नाव मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘काहीतरीच!’ म्हणून हे उडवून लावता येईल, पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्या आडोशाने बाकीचं खपून जातं. पैशाबद्दलची लोकांची तक्रार बऱ्याच अंशी रास्त आहे. तिच्यावरून काढलेले औषधांबद्दलचे निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत कंपनीला नाही, गोळी बंद करणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

शुगरपासून सुरुवात करते, कारण मेसेजातला सगळ्यात हुशार मुद्दा तो आहे. ‘१९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० शुगर नॉर्मल होती. एका रात्रीत १२६ केली आणि लाखो धडधाकट माणसं डायबेटिक झाली.’ आकडे बरोबर आहेत. १९७९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने उपाशीपोटी १४० ही रेषा ठरवली होती. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६ वर आणली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच घेतली. का आणली, ते मात्र मेसेज सांगत नाही.

डायबेटिसची रेषा ठरवताना मुख्यतः डोळ्याच्या पडद्याकडे बघतात. हजारो लोकांची शुगर मोजायची, डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदा तपासायचा आणि पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कुठल्या आकड्यापासून बिघडायला लागतात ते बघायचं. ॲरिझोनातले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेतले सर्वसाधारण नागरिक अशा तीन पाहण्या शेजारी ठेवल्या, तेव्हा बिघाड १४० च्या बराच आधी सुरू होत असल्याचं दिसलं. दुसरी अडचण अशी होती की ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी मोजायच्या शुगरची रेषा होती २००, आणि तिच्याशी उपाशीपोटीच्या १४० चा मेळ बसत नव्हता. दोन तासांनी २०० ओलांडणारे कितीतरी जण सकाळी उपाशीपोटी १४० च्या आतच असायचे. म्हणजे एका टेस्टने डायबेटिक, दुसरीने ठणठणीत. १२६ मुळे ही तफावत बरीच कमी झाली. दोन तासांची २०० ची रेषा आजही आहे तिथेच आहे. गिऱ्हाईक वाढवायला आकडे ओढायचे होते, तर ही रेषा कंपन्यांनी का सोडली असती?

खरा वाद आहे तो प्रीडायबेटिसचा, म्हणजे डायबेटिसच्या अलीकडच्या टप्प्याचा. २००३ मध्ये अमेरिकनांनी त्याची खालची हद्द ११० वरून १०० वर आणली, जागतिक आरोग्य संघटना ११० वरच राहिली. आजही दोघांचं एकमत नाही. उपाशीपोटी १०४ आली म्हणून रडकुंडीला आलेली तिशीतली मुलं मी बघते. तुम्ही आजारी नाही, पोट कमी करा, असं सांगून मी त्यांना घरी पाठवते. त्यांना पहिल्याच भेटीत कुणी गोळी लिहिली असेल, तर मेसेजवाल्यांचा राग मला समजतो. पण चालणं आणि खाण्यातली शिस्त हा उपाय काही डॉक्टरांपासून लपवून ठेवलेला नाही, तो आमच्याच संशोधनातून आलाय. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आहार-व्यायामाने डायबेटिसचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात दोन्हींचा फायदा साधारण सारखाच, पाव हिश्शाच्या थोडा वर निघाला. औषध कंपनीला यातलं पहिलं वाक्य नक्कीच आवडलं नसेल.

आणि ‘धडधाकट’ म्हणजे कोण, हे पुण्यात तरी जपून बोलावं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले प्रा. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्टावरून कळणार नाही असा फरक. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा जो अभ्यास केला, त्यात ही गोष्ट जन्मापासून दिसली: बाळ वजनाला कमी, हातापायाला बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र राखून. ‘मी बारीक आहे, मला कसली शुगर’ हे वाक्य त्यामुळे आपल्याकडे चालत नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी डायबेटिक असल्याचा अंदाज निघाला. एवढे लोक नुसती रेषा सरकवून तयार होत नाहीत.

बीपीबद्दल मेसेज म्हणतो, ‘पूर्वी १०० अधिक वय एवढं बीपी नॉर्मल धरायचे.’ धरायचे, हे खरं. त्याचं काय व्हायचं, तेही बघू. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी १९४१ मध्ये १८८/१०५ नोंदलं गेलं होतं. दिमतीला देशातले उत्तमोत्तम डॉक्टर, पण त्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीचं बीपी होतं ३००/१९०. जुने डॉक्टर वरचा आकडा चालवून घ्यायचे, त्यात शहाणपणापेक्षा नाइलाज जास्त होता.

‘वयाप्रमाणे वरचा आकडा वाढणारच’ ही समजूत नीट तपासली गेली ती १९९१ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत. साठीच्या पुढचे ४,७३६ लोक, वरचं बीपी १६० च्या पुढे, खालचं ९० च्या आत. अर्ध्यांना क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त, लघवीवाटे मीठ काढणारी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच वर्षांत खोट्या गोळीवाल्यांपैकी दर शंभरात आठ जणांना पक्षाघात झाला, औषधवाल्यांपैकी पाच जणांना. ही चाचणी अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेची होती. आपल्या सरकारी उच्च रक्तदाब कार्यक्रमातल्या गोळ्याही बघा: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. तिन्हींची पेटंट कधीच संपलीत, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. कारस्थान करायचं असतं तर कुणीही याहून महाग औषध निवडलं असतं.

२०१७ मध्ये अमेरिकनांनी बीपीची व्याख्या १३०/८० वर आणली, तेव्हा मात्र जगभर भांडण झालं. युरोपने ती घेतली नाही. आपल्याकडेही निदानासाठी १४०/९० च धरतात. म्हणजे ‘सगळे डॉक्टर मिळालेले आहेत’ हे काही जमत नाही. आम्ही आपापसातच पुरेसे भांडतो.

मेसेजमध्ये यायला हवी होती आणि आली नाही अशी तक्रार वेगळीच आहे: बीपी नीट मोजलं जात नाही. पेशंट लिफ्ट बंद म्हणून दोन जिने चढून येतो, पार्किंगवरून झालेल्या भांडणाचा पारा अजून उतरलेला नसतो, खुर्चीत टेकायच्या आत शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात अधांतरी लोंबकळत असतो आणि वर ‘मुलगा काय करतो हल्ली?’ ही चौकशी चालूच. आकडा येतो १५८ आणि त्या एकाच आकड्यावर गोळी सुरू होते. असं मोजलेलं बीपी मी तरी मानत नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, लघवी लागलेली नसावी, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. गप्प बसायचं. दोनदा मोजायचं, पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर. शंका असेल तर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायचं, आणि घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर गोळीची घाई करायची नाही. डॉक्टरांकडे आल्यावरच चढणारं बीपी पुण्यात काही कमी नाही. ज्यांची गोळी खरोखर अनावश्यक असते, ती अशा मोजण्यातून सुटते.

आता टेस्ट आणि नाडी.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोमचे म्हणजे जीबीएसचे पेशंट एकामागून एक यायला लागले. एरवी वर्षाकाठी तुरळक दिसणारा आजार, बघता बघता संशयित पेशंट दोनशेच्या वर गेले. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायाला मुंग्या, जिना चढवेना, कमोडवरून उठवेना. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. बोट दूषित पाण्याकडे गेलं. या जंतूशी लढताना शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतात.

हा आजार पहिल्या दिवशी कसा ओळखायचा? पाठीतल्या पाण्याची तपासणी करावी, तर त्यातलं प्रोटीन पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा नॉर्मल असतं. नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही सुरुवातीच्या दिवसांत फसवू शकते. एमआरआय तर मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी. तेव्हा कामाला येतो तो साधा रबरी हातोडा. पेशंटला टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसवायचं, गुडघ्याच्या वाटीखालची शीर बोटाने चाचपायची, टक्‌ मारायचं. पाय उडायला हवा. उडाला नाही तर लगेच निष्कर्ष काढायचा नाही, काही धडधाकट माणसांचेही पाय आळशी असतात. ‘दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात बाहेर ओढा’ म्हणायचं, आणि ओढत असतानाच पुन्हा टक्‌. तरीही पाय ढिम्म, घोट्यालाही तेच, आणि चार दिवसांपूर्वी हाच माणूस सिंहगड चढून आलेला. मग त्याला एकदम श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावायचे. पंधराच्या आतच दम संपत असेल, तर बोलत बसायचं नाही, आयसीयूची सोय असलेल्या हॉस्पिटलला फोन लावायचा.

म्हणजे ‘आताच्या डॉक्टरांना हाताने काही कळत नाही’ हे खोटं. पण याच आजाराची पुढची गोष्ट मेसेजवाल्यांच्या उपयोगाची नाही. निदान हातोड्याने झालं, तरी उपचार हातोड्याने होत नाहीत. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोबुलिन वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम या हिशोबाने द्यावं लागतं, साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम. नाहीतर मशीनवर प्लाझ्मा बदलावा लागतो. श्वासाचे स्नायू दमले तर व्हेंटिलेटर. नुसत्या नाडीवर भागत होतं त्या काळात, श्वास थांबला की पेशंट संपायचा.

टेस्टच्या बाजूने आणखी एकच उदाहरण देते, टीबीचं. थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला (कल्चर) आठवडे लागतात. तोवर अंदाजाने औषधं, आणि टीबी मुख्य औषधाला दाद न देणारा असला तर तेवढे आठवडे वाया, घरच्यांना लागण वेगळीच. आता सीबीनॅट ही थुंकीची टेस्ट दोनेक तासांत सांगते की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, त्यात कानात घंटा वाजवणारी इंजेक्शनं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी चार औषधांचा, तोंडाने घ्यायचा, सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला. माझ्या पिढीच्या डॉक्टरांना याचं काय वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

आता कमिशन. कट प्रॅक्टिस आहे. लपवण्यात अर्थ नाही. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ साली कायद्याचा मसुदा तयार झाला आणि पुढे तो मसुदाच राहिला. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती तर रोज येतात, नव्वद टेस्ट अमुक रुपयांत. त्यांचं गणित साधं आहे. नॉर्मलची पट्टी अशी आखतात की शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण तिच्या बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या लाल अक्षराचा पाठपुरावा, सोनोग्राफी, पुन्हा टेस्ट. पावसाळ्यात दर तिसऱ्या तापाला ‘टायफॉईड निघालाय’ म्हणतात, तो बहुतेकदा विडाल टेस्टवर निघालेला असतो. ही टेस्ट १८९६ सालची, आणि जिथे टायफॉईड कायम असतो तिथे तिच्या एकट्या रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला हवं. ते राहतं आणि सलाईन लागतं. इथे मी मेसेजच्या बाजूने आहे. फक्त त्यावरचा उपाय ‘टेस्टच करू नका’ हा नाही. डॉक्टरांना तोंडावर विचारा, ‘याचा रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट करू नका. हा प्रश्न विचारल्यावर कुणी चिडलं, तर डॉक्टर बदला.

कोलेस्टेरॉलचा मुद्दा चटकन उरकते. २०१५ च्या अमेरिकन आहारसल्ल्यातून जी मर्यादा गेली, ती खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची, रोज ३०० मिलिग्रॅमची. म्हणजे अंड्याच्या बलकाबद्दल त्यांचं मत सौम्य झालं. रक्तातल्या एलडीएलबद्दल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलबद्दल, कुणीही काही मागे घेतलेलं नाही. १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत हृदयविकाराचे ४,४४४ पेशंट होते. खोट्या गोळीवर २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीवर १८२. पैसा कंपनीचा होता, हेही सांगून टाकते. पण नंतर ऑक्सफर्डच्या गटाने २०१० मध्ये २६ चाचण्यांतल्या १,७०,००० लोकांचा हिशोब एकत्र मांडला, तेव्हाही तेच दिसलं: एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की हार्ट ॲटॅक, पक्षाघातासारखे प्रसंग पाचव्या हिश्शाने कमी. ‘स्टॅटिनने अंग दुखतं’ ही तक्रार खरी असते, पण नेहमी गोळीची नसते. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना २०२० च्या एका अभ्यासात महिन्या-महिन्याने खरी गोळी, खोटी गोळी, काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला.

उरला किडनीचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. बरीच वर्षं बीपी आणि शुगर असलेल्या माणसाची किडनी निकामी झाली की नातेवाईक म्हणतात, एवढ्या गोळ्या खाल्ल्या म्हणून. गोळ्या आणि बिघाड बरोबरीने चालले होते, म्हणून गोळ्यांनी बिघाड केला असं होत नाही. किडनी खाल्ली ती बीपीने आणि शुगरने. लोसार्टनच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या डायबेटिकांची किडनी वाचवतात, हे २००१ पासून माहीत आहे. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर जातं, तीस टक्क्यांपर्यंत गेलं तरी आम्ही घाबरत नाही, पोटॅशियम बघतो आणि गोळी चालू ठेवतो. नेमका तो रिपोर्ट हातात पडला की पेशंट गोळी बंद करतो. गेल्या दहा वर्षांतली मोठी भर म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं. शुगरसाठी आली आणि हृदयाला, किडनीला उपयोगी पडली, काही बाबतींत डायबेटिस नसलेल्यांनाही. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपलं आणि साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांची दहा रुपयांच्या आत आली.

किडनी खरोखर कशाने जाते, ते मेसेजमध्ये नाही. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, महिनोन्‌महिने. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर मे महिन्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेलं, हे तिन्ही-चारही एकत्र आलं की किडनी दोन दिवसांत कोसळते. शिवाय लेबल नसलेल्या पुड्या. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या पुडीत स्टेरॉईड किंवा जड धातू असू शकतात. ‘गोळ्यांची सवय लागते’ म्हणणारेच अशी पुडी वर्षभर घेतात, याची मला गंमत वाटते.

एआयबद्दल माझं भांडण नाही. छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगायला संगणक वापरायची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केली. डोळ्याच्या पडद्याचे फोटोही तो चांगले वाचतो. रिपोर्ट समजून घ्यायला मोबाईलला खुशाल विचारा. पण ‘कमोडवरून उठवत नाही’ हे त्याला सांगायला तुम्हाला सुचायला हवं, आणि पेशंट ते सांगतात ते बहुधा दाराशी गेल्यावर.

ज्यांनी मेसेज वाचून गोळ्या आधीच बंद केल्यात, त्यांच्यासाठी घाईची गोष्ट. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, क्लोनिडिन, फिट्सच्या गोळ्या, बरेच दिवस घेतलेली स्टेरॉईड, स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी आणि टाइप १ डायबेटिसमधलं इन्सुलिन: यातलं काही एकदम सोडलं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आज फोन करा. बाकीच्यांनी या आठवड्यात घरचं बीपी लिहून काढा, जमल्यास उपाशीपोटी शुगर करून घ्या आणि आपल्या डॉक्टरांकडे जा. कुठली गोळी खरंच कमी करता येईल, हे त्यांना विचारा, कारण वजन उतरल्यावर गोळ्या कमी झालेले पेशंट आमच्याकडे असतात. आणि जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. गुडघ्याच्या गोळ्यांची आणि त्या पुड्यांचीसुद्धा.